वेल्डिंग मारलेलं माहेर

"ॲम्ब्युलन्समधनं मी लेकीच्या दारात उतरणार न्हाय," आक्कानं पडल्या पडल्याच सांगून टाकलं. "गाडीचं दार उघडायच्या आधीच गल्लीतल्या बाया गळा काढतील. बारशाला आलीया का कशाला आलीया, त्यांस्नी तरी काय कळणार?"

बरोबरच होतं तिचं.

आक्का म्हंजे माझी थोरली बहीण, तानूबाई. कोल्हापुरात मंगळवार पेठेत घर. ही गोष्ट दोन हजार दोन सालातली, फेब्रुवारीतली. त्याच्या आदल्याच्या आदल्या दिवाळीत ती माळ्यावरचा डबा काढाय स्टुलावर चढली, लाकडी स्टूल डगमगलं आन् बाई खाली. मणक्याचं ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली. वॉकर धरून मोरीपर्यंत जायची, पण बसायचं म्हणलं की जीव जायचा. डॉक्टरनं बजावलतं, "पाठीला परत दणका बसला तर पायातली ताकद जाईल. मग माझ्याकडं येऊन उपयोग न्हाय."

आन् तिकडं तिची एकुलती एक लेक मोना, फोंड्याचा घाट उतरून कणकवलीच्या अलीकडं दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण. आपल्यात पहिल्या खेपेला लेक माहेरी येती, आई तिला न्हाऊमाखू घालती, शेक देती, डिंकाचे लाडू करती. हितं आईलाच दुसऱ्यानं न्हाऊ घालायचं. मग मोनाचं सगळं सासरीच झालं. मुलगी झाली. फोनवर दोघी एकमेकीला "मी झ्याक हाय" म्हणायच्या आन् फोन ठेवला की ही हितं रडायची, ती तिथं.

"मोना कवा बोलून दाखवायची न्हाय," आक्का मला म्हणाली. "भांडली असती तर बरं वाटलं असतं. पण निदान बारशाला तरी मी पायजे गं. पोरीला एकदा हातात घेऊ दे."

विहीणबाई मोठ्या मनाच्या. आक्कासाठी त्यांनी बारसं सव्वा महिन्याच्या पुढं ढकललं. शेवटी एक रविवार ठरला. बाळाची आत्या मुंबईवरनं यायची, नाव तिनं ठेवायचं, आन् संध्याकाळच्या गाडीनं तिला परत जायचं. आता पुढं ढकलायची सोय न्हवती. पाळणा मात्र आपल्याकडनं जायचा, बाळाच्या आजोळचा. तशी रीतच हाय.

दाजी दारात उभं राहून हे सगळं ऐकत होतं. दाजी म्हंजे आक्काचा नवरा, केरबा.

"गाडी करू की," म्हणालं.

"कुठली गाडी? जीपमध्ये बसता येत न्हाय तिला."

"बसायचंच न्हाय. झोपायची गाडी करू. घरच करू गाडीत."

एवढं बोलून चप्पल घालून गेलंसुद्धा. दाजींच्या मानानं ते भाषणच झालं.

दाजी मूळचं मुरगूडकडचं. शेतात मन रमंना, म्हणून मिसरूड फुटायच्या आत कोल्हापूरला आलं, उद्यमनगरात वेल्डिंग शिकलं, पुढं स्वतःचं शेड टाकलं. उसाच्या ट्रॉल्या करायचं. त्यांच्या ट्रॉलीचं नाव असं, की शेतकरी म्हणायचं, ट्रॅक्टर मोडंल पण केरबाची ट्रॉली मोडायची न्हाय. नटबोल्टाला हा माणूस हात लावायचा न्हाय. "नटबोल्ट ढिला पडतोय. वेल्डिंग मारू की." दिवसातलं निम्मं बोलणं त्यांचं हेच.

आक्का पडली आन् हे येड घरात शिरलं. ते लाकडी स्टूल दाजींनी दुसऱ्या दिवशी बंबात घातलं, तुकडे करून, एकेक. त्यानंतर घरातली जी वस्तू हलंल ती त्यांनी कशाला तरी चिकटवली. टीव्हीचा स्टँड खिडकीच्या गजाला. पाण्याचं पिंप त्याच्या घडवंचीला. दवाखान्यातनं आणलेला आक्काचा वॉकर वाईच लचकायचा, तर ह्यांनी ट्रॉलीच्या पायपाचा नवा केला. तो उचलायला दोघं लागायची. मी म्हणलं, "दाजी, दोघं जणं असतील तर वॉकर कशाला? ती दोघंच धरतील की तिला." मग आक्का तो वॉकर नुसता धरून उभी राहायची, आन् जुना वॉकर घेऊन चालायची. पण नवा कवा टाकू दिला न्हाय तिनं.

गाडी मिळाली ती एक जुना मॅटॅडोर टेंपो. मुरगूडच्या बाजूला दुधाचे कॅन वाहायचा. मी कबनूरला असते, आमचे यंत्रमाग हायत, तिथनं दर चार दिवसांनी येऊन शेडात डोकवायची. पयल्या दिवशी आत वाकले आन् नाकाला पदर लावला.

"दाजी, बाळाला दूध पाजायला मोना हाय. तुम्ही ताक कशाला न्यायलाय?"

दाजींनी आतनं सोडा टाकून धुतलं, चुना मारला, परत धुतलं. वास काय गेला न्हाय. गरम झालं की कुठनंतरी यायचाच.

मग लोखंड चढायला लागलं. खाली जाड पत्रा, वर खवले असलेला, ट्रॉलीला घालत्यात तसला. चारी बाजूनं अँगलचा सांगाडा. मधी पलंग, त्याला ट्रॅक्टरच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बसवलेल्या, म्हंजे खड्डा आला तर पट्टी ताणंल, पाठ न्हाय. हे मात्र डोकं होतं हां. मी त्यावर झोपून बघितलं आन् उठावंसंच वाटंना. पलंगाच्या उंचीला पत्रा कापून काचेची खिडकी. पायाकडं शेगडीचा कट्टा, पाण्याचं मोठं पिंप, त्याला तोटी, आन् कोपऱ्यात पडदा लावून मोरी. पडद्याचं कापड आमच्या मागावरचं. आक्काला पलंगाला बांधायचे पट्टे म्हंजे आमच्या मागाचे जुने पट्टे, मीच आणून दिलते. बाकी झाडून सगळं लोखंड, आन् सगळं वेल्डिंग.

"आवो दाजी, ह्यात माझी बहीण न्यायची का वीस टन ऊस?"

"मजबूत पायजे."

"आक्काचं वजन म्हाईत हाय न्हवं तुम्हास्नी? का लग्नापासनं उचलूनच बघितलं न्हाय?"

दाजींनी वेल्डिंगचा काळा चष्मा डोळ्यावर ओढला. लाजायचं असलं की ते असंच करायचं.

शनिवारी पाळणा आला. सागवानी, कडेला रंगीत राघू. पलंगाच्या बरोबर वर, छताच्या पायपाला कड्यांत अडकवला, म्हंजे वाटेत आपटायला नको. दाजींनी हात लावून हलवून बघितला. कड्या खडखड वाजल्या. दाजी त्या कड्यांकडं बघत राहिलं. मला त्यांचं ते बघणं काय आवडलं न्हाय, पण मी भाकरी बांधायच्या गडबडीत होते.

रविवारी उजाडताना निघालो. पुढं दाजी एकटं, मधी आडोसा न्हाय, मागं आक्का पलंगावर आन् मी तिच्या उशाला पत्र्याच्या पेटीवर. पेटीसुद्धा खाली चिकटवलेली. मी दोनदा उठून बघितलं, मला तर कुठं टाका मारला न्हाय न्हवं.

राधानगरीच्या पुढं धरणाचं पाणी दिसाय लागलं तशी गाडी बाजूला घेतली. शेगडीवर च्या केला. गाडीत उकळलेला च्या, त्याला थोडा दुधाच्या कॅनचा वास, पण काय सांगू, असला च्या परत झाला न्हाय. आक्का खिडकीला गाल लावून पाण्याकडं बघत होती. सव्वा वर्ष तिनं छताचा पंखा सोडून काय बघितलं न्हवतं.

"आवो," ती म्हणाली, "ती बघा बगळ्यांची रांग."

दाजी बगळे बघत न्हवतं. आक्काला बघत होतं. मी म्हणलं, "मी खाली उतरून उभारू का वाईच?" तर दोघांनी मिळून मला गप्प केलं.

दाजीपूर आलं तवा मी ओरडले, "दाजी, तुमचं गाव आलं, उतरा!" त्यावर पण हसलं ते. तेवढंच. त्याच्यापुढं रस्ता खाली वळला आन् घाट लागला.

आता हे नीट ऐका. ट्रॉली उतारावरनं कशी न्यायची, हे दाजी जन्मभर शेतकऱ्यांस्नी सांगत आलेत. खालच्या गेरात घाल, इंजिनाला धरू दे, ब्रेकवर बसू नको. आन् त्या दिवशी त्यांनी स्वतः नेमकं उलटं केलं. का, तर खालच्या गेरात गाडी हिसके देती. हिसका म्हंजे आक्काची पाठ. म्हणून त्यांनी गाडी वरच्या गेरात ठेवली, ब्रेकवर पाय दाबला आन् अशी अलगद खाली सोडली, की पिंपातलं पाणीसुद्धा हिंदकळंना. आक्काचा डोळा लागला.

पयली वळणं गेली. मग मला वास आला.

"दाजी, भाकरी करपली वाटतं तुमच्या चुलीवर."

पण मग माझी नजर त्यांच्या मानेवर गेली. फेब्रुवारीतली सकाळ, झाडीतली थंड हवा, आन् मानेवरनं घाम कॉलरीत उतरत होता. उजवा पाय परत परत दाबत होतं. दाबला की पाय खोल जायचा, आन् गाडीला त्याचं काय पडलेलं न्हवतं.

"मेव्हणीबाई," दाजी म्हणालं, आवाज अगदी बारीक. "हिचे पट्टे आवळा."

"सकाळीच आवळलेत की."

"परत आवळा."

मी उठले, पेटीला गुडघा अडवून आक्काच्या छातीवरचा पट्टा ओढला, कमरेचा ओढला. बक्कल सरंना. आक्का जागी झाली. माझ्या तोंडाकडं बघितलं तिनं.

"काय झालंय?"

मी पुढं दाजींकडं बघितलं.

"मला पडल्या पडल्या कळत न्हाय व्हय? ब्रेक गेला न्हवं?"

"गेला न्हाय. तापलाय," पुढनं दाजी म्हणालं.

हँडब्रेक ओढला त्यांनी. तो ओढतच आला, ओल्या दोरीसारखा मऊ. गाडी वळण घेऊन सुटली. उजवीकडं दरी, खाली झाडांचे नुसते शेंडे. डावीकडं डोंगराची तांबडी भिंत. एवढं लोखंड माझ्या दाजींनी हौसेनं भरलेलं, ते सगळं आता मागनं आम्हाला ढकलत होतं.

"मग गेर टाका की खालचा!" आक्का.

"हिसका बसंल तुला."

"बसू दे."

"डॉक्टर म्हणलाय—"

"डॉक्टर बसलाय व्हय गाडीत? आवो, पाठ माझी हाय! टाका म्हणते न्हवं!"

दाजींचा हात गेरच्या दांड्यावर होता. दांडा धरलेला, पण हलंना. ज्यानं घरातली एक वस्तू हलू दिली न्हाय त्या माणसाला मी बी सांगत होते की आता तुझ्याच बायकोला हातानं हादरा दे. सांगत होते कसली, किंचाळत होते. खालच्या अंगानं एस.टी.चा भोंगा ऐकू आला. लाल टप पुढच्या वळणावर झाडीतनं वर येताना दिसला.

"केरबा!" आक्का ओरडली.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली असतील, तिनं त्यांचं नाव कवा घेतलं न्हवतं. उखाण्यातसुद्धा लाजून पुटपुटायची.

दाजींनी दांडा हाणला. इंजिन असं बोंबललं की वाटलं फुटलं. गाडीनं पुढं तोंड आपटल्यासारखं केलं, मी पेटीवरनं उडाले आन् दाजींच्या सीटला जाऊन धडकले. आक्कानं दोन्ही हातानं वरचा पाळणा धरला. पट्टे ताणले. तिच्या तोंडातनं जो आवाज आला तो बाळंतपणातसुद्धा आला नसंल.

"अजून खालचा!" ती म्हणाली. दात आवळून.

दाजींनी अजून खालचा टाकला. दुसरा हिसका. गाडी हळू झाली, पण थांबत न्हवती, आन् एस.टी. वळणावर आली होती. दाजी म्हणालं, "धरा," आन् गाडी डाव्या बाजूला डोंगराच्या गटारीत घातली.

पत्रा दगडाला घासत गेला, लांबच्या लांब. खिडकीची काच गेली. लाल माती आत उडाली. मग एक शेवटचा दणका, आन् गाडी एका अंगावर कलून थांबली. शेजारनं एस.टी. भोंगा देत वर निघून गेली. ड्रायव्हरनं शिवी दिली असंल, ती आमच्यापर्यंत पोचली न्हाय.

एकदम शांत. पिंपातनं पाणी गळत होतं, तेवढाच आवाज.

दाजी पुढं बसलेलं तसंच. हात स्टेअरिंगवर. मागं वळून बघंनात. मला कळलं का बघंनात. बघितलं तर कळणार होतं.

आक्काचे डोळे मिटलेले. हात वर पाळण्यालाच धरलेले. मी तिच्या तोंडावरची माती पुसली.

"आक्का. आक्का, ऐकतीस न्हवं? अंगठा हलव."

काय न्हाय.

"पायाचा अंगठा गं. हलव की. तुला माझी शपथ हाय."

पायावर चादर होती. मी त्या चादरीकडं बघत राहिले. चादर गप्प. मग चादरीचं टोक वाईच वर आलं. परत खाली. मग दुसऱ्या पायाचं.

मी मोठ्यानं रडायला लागले.

"आगं, रडतीस काय," आक्का डोळे न उघडता म्हणाली. "आधी त्यांस्नी सांग पाय हललाय म्हणून. मग रड."

सांगायची गरज न्हवती. दाजींनी कपाळ स्टेअरिंगवर टेकलं होतं आन् त्यांची पाठ हालत होती.

खालनं जांभ्या दगडाचे चिरे भरलेला एक ट्रक वर येत होता, तो थांबला. ड्रायव्हर उतरला, गुंडू नाव त्याचं, गारगोटीकडचा. त्यानं चाकांना चिरे लावले, मग गाडीभोवती एक फेरी मारली. बाहेरचा पत्रा सोलून निघालेला, पण आतला सांगाडा जागचा हललेला न्हवता.

"पावणं, गाडी हाय का लोखंडाचं दुकान?" गुंडू म्हणाला. "दुसरी कुठली असती तर चेपून डबा झाला असता. पण दुसरी असती तर ब्रेक तरी तापला असता का, हे बी हायच की."

"म्हाईत हाय," दाजी म्हणालं.

"वजन उतरवा थोडं. काय निघतंय का बघा."

काय निघणार? मी आत नजर फिरवली. त्या गाडीत वेल्डिंग न मारलेल्या दोनच गोष्टी होत्या, आक्का आन् मी. पिंपातलं उरलेलं पाणी सोडून दिलं. गुंडू माझ्याकडं बघून म्हणाला, "मावशी, तुम्ही पुढच्या वळणापर्यंत चालत या, निम्मं वजन कमी हुईल." मी आयुष्यभर लोकांची थट्टा केली, त्या दिवशी कुणीतरी माझीच केली. आक्का मात्र हसली. हसताना कळ आली, तरी हसली.

ब्रेक गार होऊ दिले, तोवर गुंडूनं ट्रकाला दोर बांधून गाडी हळूहळू गटारीतनं वर ओढून काढली. दाजी पलंगाशी आलं, उभं राहिलं. आक्काच्या डोक्याखालची उशी सरळ केली. सरळच होती ती.

"परत फिरू या?" म्हणालं. "वर चढताना हिसके कमी बसत्यात."

"खाली माझी लेक दारात उभी असंल," आक्का म्हणाली. "खालीच चला. पयल्या गेरात. आन् मला विचारू नका, कसं वाटतंय म्हणून. विचारलं तर मी खोटं सांगीन."

उरलेला घाट आम्ही पयल्या गेरात उतरलो. इंजिन सगळ्या वाटेनं बोंबलत होतं. प्रत्येक वळणाला हिसका. प्रत्येक हिसक्याला आक्काची बोटं पाळण्याच्या गजावर पांढरी पडायची. दाजी विचारायचं न्हाईत. पण वळण झालं की त्यांचा डावा हात मागं यायचा, पलंगाच्या पायाला एकदा लागायचा आन् परत दांड्यावर जायचा. फोंडा गाव दिसलं तवा कळलं की मी ओठ चावून रक्त काढलंय.

मोनाच्या दारात पोचायला दुपार कलली. अंगणात मांडव, बाया दोन-दोनदा पावडर लावून बसलेल्या, आत्याबाई घड्याळाकडं बघत होत्या. मोना धावत आली आन् गाडीची सोललेली बाजू बघून जागेवरच थांबली. मागचं दार मी आतनं उघडलं. तिनं आईला बघितलं, आईनं तिला बघितलं. दोघींपैकी कुणी "मी झ्याक हाय" म्हणालं न्हाय.

"चला, चला, पाळणा काढा पयला," आत्याबाई म्हणाल्या. "माझी गाडी चुकेल."

जावई आत चढलं, कड्यांना हात घातला. ओढल्या. परत ओढल्या. मग वाकून बघितलं आन् दाजींकडं वळलं.

"मामा, हे निघत न्हाय."

दाजी चपलेकडं बघायला लागलं.

"दाजी," मी म्हणलं. घाटानंतरचा माझा पयला सरळ शब्द. "काल त्या कड्या वाजत होत्या. काय केलंत तुम्ही?"

"वाजत होत्या म्हणून..." दाजी म्हणालं.

"म्हणून काय?"

"वाईच वेल्डिंग मारलं."

सगळ्या मांडवात कुजबूज झाली. मी विहीणबाईंकडं बघितलं, आता काय म्हणत्यात. त्या गाडीपाशी आल्या, आत डोकावल्या. पलंग, शेगडी, पडदा, पाळणा, आन् पाळण्याला धरून पडलेली आक्का.

"मगे गाडयेतच करूया बारसा," त्या म्हणाल्या. "काय जाता आमचा? चला गो बायांनो, चढा."

चढल्या की बाया! एक शेगडीच्या कट्ट्यावर, एक मोरीत, आत्याबाई माझ्या पेटीवर, बाकी दारात लोंबकळत. गाडी तापली तसा दुधाच्या कॅनचा वास सुटला, तर एक म्हातारी म्हणाली, "बाळाचा वास कसा गोड असता!" मी पदरात तोंड घातलं.

आता बारशात बाळाला पाळण्याखालनं ह्या बाईकडनं त्या बाईकडं द्यायचं, मग वरनं परत घ्यायचं, असं करत्यात तुम्हाला म्हाईत हाय. पण ह्या पाळण्याखाली जागा कुठं होती? पाळण्याखाली आक्का होती. एका बाजूनं मोनानं बाळ खाली दिलं, ते आक्काच्या हातात आलं. आक्कानं छातीशी धरलं, मग दुसऱ्या बाजूनं विहीणबाईंनी घेतलं. परत वरनं, परत खालनं. दरवेळी बाळ आजीच्या हातातनंच जाणार, दुसरी वाटच न्हवती. बायांनी ते ओळखलं आन् मुद्दाम फेरे वाढवले. आत्याबाई घड्याळ बघायचं विसरल्या. बाळाच्या कानात नाव सांगितलं, शिवानी. बाळानं त्याच वेळी आक्काच्या लुगड्यावर मुतून दिलं आन् सगळी गाडी हसली. आक्का सोडून. ती डोळे मिटून बाळाच्या डोक्याचा वास घेत होती.

संध्याकाळी बाया गेल्या. घराला पायऱ्या उंच, आक्काला चढवायची कशी, हा घोर आम्हाला लागलेला. तोवर मोना बाळाला घेऊन गाडीत आली, पाळण्यात टाकलं आन् आईच्या शेजारी कडेला अंग चोरून आडवी झाली. त्या पलंगावर दोघींची जागा न्हवती. पण पलंग दाजींचा, तो काय मोडतोय.

विहीणबाई बाहेरनं मोनाला म्हणाल्या, "माहेराक जावचा होता ना तुका? ऱ्हव आता हयच."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी कुठनंतरी हॅक्सॉ, म्हंजे लोखंड कापायची करवत, घेऊन आलं. पाळणा नातीचा, तो हितंच राहायला पायजे, म्हणून स्वतः मारलेलं वेल्डिंग स्वतः कापायला निघालं. जन्मात पयल्यांदा. ग्राइंडर मिळत होता, पण त्याच्या आवाजानं बाळ दचकंल म्हणून नको म्हणालं. पलंगावर गुडघा टेकून, एक हात पाळण्याला धरून, हळूहळू घासायला लागलं. खर्र, खर्र. कडी अर्धी कापत आली.

शिवानी झोपेत वाईच हलली.

"आवो, थांबा," आक्का हळू आवाजात म्हणाली. मोना तिच्या दंडावर डोकं ठेवून झोपली होती. "उद्या कापा."

दाजींनी हॅक्सॉ खाली ठेवला. त्यानंतर रोज सकाळी ते हॅक्सॉ घेऊन गाडीपाशी यायचं. आन् रोज सकाळी आतनं कुणीतरी, कवा आक्कानं, कवा मोनानं, एकदा तर विहीणबाईंनीसुद्धा सांगितलं, "उद्या."